एचआयव्हीच्या गोळ्यांनी खरंच डोकं फिरतं का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वर्षानुवर्षं ऐकू येणारा समज असा: ‘एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या की वेड लागतं, पाय निकामी होतात.’

ही भीती हवेतून आलेली नाही. पूर्वीच्या स्टॅव्ह्युडीनने तळपायांच्या नसा बिघडत, मुंग्या येत, आग होई. अशा दुष्परिणामांमुळे ते औषध मागे पडलं. एफाव्हिरेन्झ या दुसऱ्या गोळीने चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. बहुतेकांना हा त्रास २ ते ४ आठवड्यांत कमी होई. तेलकट-तुपकट जेवणानंतर ती घेतली, तर रक्तातलं औषध वाढून त्रासही वाढे. म्हणून ती रात्री झोपताना, रिकाम्या पोटी घ्यायला सांगत.

आता सुरुवातीला सहसा एकच गोळी मिळते. तिच्यात टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोलुटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम असतं. डबीवरची नावं वाचा. कळली नाहीत तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, वाचून घ्या, त्यात संकोच कसला? या गोळीने काहींची झोप उडते. अशांनी डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्यावी.

उपचारच नसेल, तर विषाणू स्वतः मेंदू आणि नसांना इजा करतो. मुंग्यांमागे टीबीचं औषध आयसोनियाझिड, मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, तपासून घ्या. परस्पर गोळी थांबवली तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

तापासोबत तीव्र डोकेदुखी, झटके, भ्रम किंवा जीव द्यावासा वाटणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा.