व्यक्तिचित्र, व्हेनिसमधील स्त्रियांचे (अठरावे शतक)

अठराव्या शतकात व्हेनिसमधल्या स्त्री-व्यक्तिचित्रणाला जे वळण लागले, ते मुख्यतः रोझाल्बा कार्रिएरा (१६७३–१७५७) या चित्रकर्तीने लावले. दरबारी थाटाच्या तैलचित्रात खांब, पडदे आणि घोळदार वस्त्रे यांचा पसारा असे. रोझाल्बाने तो सगळा काढून टाकला. तिची चित्रे बहुधा छातीपर्यंतच आहेत आणि पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. त्यामुळे नजर थेट चेहऱ्यावर जाते.

सुरुवातीला ती तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांसाठी आणि हस्तिदंतावर लघुचित्रे काढी. पुढे तिने पेस्टल, म्हणजे कोरड्या रंगकांड्या, हे माध्यम हाती घेतले. रंगद्रव्याची पूड, पांढरी माती आणि किंचित डिंक मळून या कांड्या वळतात. तेलरंगासारखी वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून बैठका थोडक्यात आटोपत. लेस दाखवण्याची तिची हातोटी खास होती. आधी गडद रंग भरून घ्यायचा आणि मग पांढरी कांडी आडवी धरून त्यावरून अलगद ओढायची. पूड कागदाच्या उंचवट्यांवरच बसते आणि जाळीचा भास होतो.

१७२०–२१ मध्ये ती पॅरिसला होती. तिथे तिने बालवयातल्या पंधराव्या लुईचे चित्र काढले आणि तिथल्या चित्रकलेच्या राजअकादमीने तिला सदस्यत्व दिले. १७२३ मध्ये इटलीतल्या मोडेनाच्या ड्यूकच्या मुलींची चित्रे तिने केली. त्यांच्या अनेक प्रती निघाल्या, कारण सोयरीक जुळवण्यासाठी त्या परदेशी दरबारांत पाठवायच्या होत्या. गोड चेहरे काढणारी, असा शेरा तिच्यावर मारला जातो. अशा मागणीच्या चित्रांपुरता तो खरा आहे, सगळ्यांना लागू नाही. कातेरिना साग्रेदो बार्बारिगो या व्हेनिशियन उमरावघरच्या स्त्रीचे जर्मनीतील ड्रेस्डेनमधील चित्र पाहावे. काळी तिकोनी टोपी एका बाजूला कललेली आहे आणि बाई पाहणाऱ्याला जोखते आहे. तिथे आर्जव नावालाही नाही.

स्वतःला रंगवताना तर तिने कसलीच मुरवत ठेवली नाही. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातील आत्मचित्रात ती बहिणीचे चित्र हातात धरून बसली आहे. ही बहीण, जोव्हान्ना, कामातही तिची मदतनीस होती. १७३७ मध्ये ती वारली. नंतर रोझाल्बाची दृष्टी अधू होत गेली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनीही ती टिकली नाही आणि अखेरची वर्षे तिने अंधत्वात काढली. दृष्टी पूर्ण जाण्याआधीच्या आत्मचित्रात केस पांढरे, डोक्यावर पानांची माळ आणि ओठ घट्ट मिटलेले आहेत. अठराव्या शतकातल्या कोणत्याही राणीच्या चित्राहून ते मला मोठे वाटते.

ड्रेस्डेन ही राजधानी असलेल्या सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस हा तिचा सर्वांत मोठा ग्राहक. त्याने दीडशेहून अधिक पेस्टले जमवली. त्यांतली बरीच आजही ड्रेस्डेनमध्येच आहेत. पेस्टलची पूड धक्क्याने झडते, म्हणून ही चित्रे काचेखाली, मंद प्रकाशात ठेवतात आणि सहसा गावाबाहेर हलवत नाहीत.