अकरा महिने आणि दोन टक्के : ठाणे-नवी मुंबईतल्या दलालीची पार्श्वभूमी

ठाण्याच्या घोडबंदर रोडला घर भाड्याने घेताना दलालीवर फारशी घासाघीस होत नाही. एक महिन्याचं भाडं, विषय संपला. जुना फ्लॅट विकला तर घेणारा एक टक्का देतो आणि विकणारा एक टक्का. बिल्डरच्या नव्या टॉवरमध्ये एजंटला साधारण दोन टक्के मिळतात, माल उठत नसेल तर चारसुद्धा. यातला एकही दर कायद्यात लिहिलेला नाही, बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्यातही नाही. दर बाजाराने ठरवले. पैसे कशाबद्दल आणि कधी हातात पडायचे, हे मात्र गेल्या पाऊणशे वर्षांतल्या कायद्यांनी ठरवलं.

सुरुवात पागडीपासून. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. गोठलेल्या भाड्याची भरपाई मालक पागडीतून, म्हणजे जागा देताना घेतलेल्या एकरकमी पैशातून, करू लागला. पागडी बेकायदा, म्हणून रोख. दलालाचा वाटाही त्यातलाच, म्हणून तोही रोख. पावती न मागण्याची आणि न देण्याची सवय तिथली आहे.

दुसरं वळण 1973 चं. याच कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारीला जागेत राहत असलेल्या लायसन्सींना, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर राहणाऱ्यांना, भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकांनी धसका घेतला. अनोळखी माणसाला जागा देण्यापेक्षा कुलूप बरं, असं वाटणाऱ्या मालकाला ‘पार्टी चांगली आहे, वेळेवर सोडेल’ असं सांगणारा मध्यस्थ लागायला लागला. करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो. मार्च 2000 मध्ये नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार, अकरा महिन्यांचासुद्धा, नोंदवणं सक्तीचं झालं. म्हणजे अकराचं मूळ कारण गेलं, अकरा महिने मात्र राहिले. एजंटला ते सोयीचंच आहे : मुदत संपली की रिन्यूअल, आणि रिन्यूअलला बहुतेक ठिकाणी अर्धी दलाली.

नोंदणी ऑनलाइन झाल्यापासून एजंटला आणखी एक छोटं काम मिळालं. 25,000 भाडं आणि एक लाख डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून ती सातशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, वर हाताळणी शुल्क. अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे. या सगळ्याचं एकच ‘अॅग्रीमेंट पॅकेज’ सांगितलं जातं. त्यातली सरकारी रक्कम किती, हे भाडेकरूने पावतीवर बघून घ्यावं. दलालीचे 25,000 त्याशिवाय असतात.

खाडीपलीकडच्या नवी मुंबईची गोष्ट वेगळी. हे शहर वसवण्यासाठी 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी कंपनीने जमीन विकली नाही, 60 वर्षांच्या लीजवर दिली. त्यामुळे वाशी-नेरूळचं घर पुन्हा विकताना दोन खिडक्या लागतात : सब-रजिस्ट्रारकडे करारनामा, आणि सिडकोकडे ट्रान्सफर चार्जेस भरून नावाची नोंद. ही दुसरी फाइल फिरवणं हा इथल्या एजंटचा जोडधंदा झाला. ते चार्जेस वाचवायला अनेकांनी नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर घरं घेतली. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्ट केलं. त्यात मूळ मालक वारलेला असला की त्याचे सगळे वारस शोधून सह्या घेणं आलं. तीन हात बदललेल्या घराची साखळी जुळवता जुळवता एक टक्का दलाली कधी संपते, कळतही नाही. जमीन संपादित झालेल्या प्रकल्पग्रस्तांना मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांत तर प्रकल्पग्रस्त, सिडको आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार. तिथे टक्केवारीपेक्षा ठोक रक्कमच जास्त चालते.

रेरा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. रेरा प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटला महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर हवा. एकट्या माणसाला फी 10,000, फर्म किंवा कंपनीला एक लाख, मुदत पाच वर्षं. नंतर प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. नंबर नसेल तर रोज 10,000 दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरला करार रजिस्टर करावा लागतो, आणि बिल्डरही करार झाल्याशिवाय दलालीचं बिल घेत नाहीत. कोलशेतला 90 लाखांचा फ्लॅट विकला, दलाली दोन टक्के, म्हणजे 1,80,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 32,400, तो एजंटने सरकारला भरायचा. मूळ रकमेतून दोन टक्के टीडीएस, 3,600, आधीच कापलेला. वीस लाखांखालच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण अनेक बिल्डर जीएसटी नंबराशिवाय चॅनल पार्टनर, म्हणजे आपली घरं विकणारा एजंट, करूनच घेत नाहीत. बिल लावल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने सहज जातात. बुकिंग रद्द झालं तर आलेली दलाली पुढच्या बिलातून वळती होते. शिवाय ग्राहकच ‘पासबॅक’ मागतो, म्हणजे त्या दोन टक्क्यांतला वाटा आपल्याला परत.

खर्च मात्र थांबत नाही. गाळ्याचं भाडं, पोरांचे पगार, प्रॉपर्टी पोर्टलचं सबस्क्रिप्शन, पेट्रोल. म्हणून टिकणारे एजंट महिन्याचा खर्च भाड्याच्या सौद्यांवर भागवतात आणि विक्रीची दलाली बाजूला ठेवतात. नवे नेमकं उलटं करतात : टॉवरच्या मोठ्या आकड्याकडे बघून गाळा घेतात आणि पहिला चेक येण्याआधी गाळ्याचं डिपॉझिट खाऊन बसतात.

सगळ्यात जास्त भांडणं टॅगिंगवरून होतात, म्हणजे ग्राहक कोणाच्या नावावर नोंदला यावरून. ग्राहकाने आधी एखाद्या ऑनलाइन जाहिरातीत स्वतःचा नंबर टाकलेला असेल, तर सेल्स ऑफिसच्या नोंदीत तो ‘डायरेक्ट’ ठरतो. चार रविवार त्याला साइट दाखवत फिरलेल्या एजंटला शून्य. म्हणून कासारवडवलीच्या साइटवर पोचायच्या आधीच एजंट ग्राहकाचं नाव आणि नंबराचे शेवटचे चार आकडे सोर्सिंग मॅनेजरला, म्हणजे बिल्डरकडून एजंटांशी व्यवहार बघणाऱ्याला, व्हॉट्सअॅप करतो. पूर्ण नंबर देत नाही. ‘टॅग झालं’ असं उलट उत्तर आलं की मगच गाडी आत घालतो.