स्टँडर्ड म्हणजे राग नव्हे

घरी चार माणसं जमली, कुणी जॅझ लावलं, की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, हे आपल्या रागासारखंच आहे की. आधी चीज मांडायची, मग विस्तार.’ सगळे माना डोलावतात आणि माझा चहा कडू होतो. ख्याल ऐकण्यात आयुष्य गेलेली माणसं हे म्हणतात, म्हणून जास्त टोचतं.

राग तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा वादी-संवादी आणि वर्ज्य स्वर मी उगाळत बसत नाही. एवढंच लक्षात असू द्या: तानपुरा जुळला की सा ठरला, आणि मैफल उठेपर्यंत तो जागचा हलत नाही. मध्येच कुणी मूर्च्छना करून, म्हणजे दुसऱ्याच स्वराला सा मानून, चमकवेल, पण तेव्हाही मागचा तानपुरा आपला तोच सा धरून असतो.

आता ‘बॉडी अँड सोल’ घ्या. चाल जॉनी ग्रीनची, साल १९३०. गर्ट्रूड लॉरेन्स या ब्रिटिश नटीसाठी बांधलेलं हे गाणं त्याच वर्षी लिबी होल्मनने ब्रॉडवेवर गायलं आणि लुई आर्मस्ट्राँगने रेकॉर्डही केलं. प्रेमात झुरण्याचं नाटकी गाणं. तेव्हापासून जॅझवाल्यांनी ते सोडलेलं नाही. असं सगळ्यांनी पुन्हापुन्हा वाजवलेलं गाणं म्हणजे ‘स्टँडर्ड’. बत्तीस बार (मात्रांचे गट), प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण १२८ मात्रा. आठ-आठ बारांचे चार भाग: ए, ए, बी, ए. बी हा ब्रिज. बत्तीस बार संपले की एक कोरस झाला, मग पुन्हा पहिल्यापासून. वाजवणारा या फेऱ्या घेत राहतो.

घोटाळा नेमका ब्रिजमध्ये उघड होतो. हे गाणं बहुतेक जण काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, वाजवतात. पहिले सोळा बार काळी एक हेच घर. सतराव्या बारला सा उचलून पांढरी दोनवर ठेवलेला असतो. चार बार तिथे काढायचे, पुढे पांढरी एक, आणि शेवटच्या बारात अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत पुन्हा काळी एकची वाट. हे सगळं आठ बारांत. पेटी पुढ्यात असेल तर तीन पट्ट्या दाबून बघा. शेजारशेजारच्या आहेत, पण एकीचे सूर दुसरीच्या घरात बरेचसे परके. दहाव्या बारात जो स्वर सुखाने विसावतो, तोच अठराव्यात खड्यासारखा लागतो.

एकदा मी फोनवरचा तानपुरा काळी एकला लावून त्यावर सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स याची ‘बॉडी अँड सोल’ची १९३९ची तबकडी सोडली. पहिली पन्नासेक सेकंदं बरं चाललं होतं. पियानोने चार बारांची सुरुवात करून दिली, सॅक्सोफोन आला, तानपुरा मागे घुमत होता. रागवाल्यांना अगदी सुखावणारं दृश्य. ब्रिज आला आणि तानपुरा असा बेसूर झाला की आतून विचारणा झाली, ‘कुणाचा फोन वाजतोय?’ हॉकिन्स चुकला नव्हता, तानपुराही उतरला नव्हता. खालची जमीनच सरकली होती.

वाजवणारा स्वर निवडतो तो या सरकत्या जमिनीकडे बघून. त्या क्षणी खाली कोणती कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) आहे आणि पुढची कोणती येणार, यावर त्याचं सगळं गणित. कॉर्डच्या या ठरलेल्या क्रमाला जॅझवाले ‘चेंजेस’ म्हणतात. हा क्रम मात्रांना बांधलेला असतो. यमनात तीव्र मध्यम आवर्तनात कुठेही घ्या, तो यमनचाच. इथे कोणता स्वर आपला आणि कोणता पाहुणा, हे दर बाराला नव्याने ठरतं. शिवाय वर्ज्य असा कुठलाच नाही. पाहुणा स्वर वेळेत घरी पोचवला की झालं.

तेव्हा आपल्याकडच्या कशाशी तुलना करायचीच असेल तर ती ठेक्याशी करा. तीनतालात खाली आली हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. डग्गा गप्प झाला की कळतं. ब्रिज तसाच कळतो, फक्त बोलांऐवजी सुरांनी. चेंजेस म्हणजे सुरांत बांधलेला १२८ मात्रांचा ठेका. मुरलेला जॅझवाला त्यात आपण कुठे आहोत हे डोळे मिटून सांगतो.

हे पटलं की हॉकिन्सची तबकडी उलगडते. ११ ऑक्टोबर १९३९, न्यूयॉर्क. पाच वर्षं युरोपात काढून माणूस नुकताच परतलेला. दोन कोरस, तीन मिनिटं. ग्रीनची चाल तो सुरुवातीच्या काही बारांत जेमतेम दाखवतो, तीही मुरडून, आणि नंतर तिच्याकडे फिरकत नाही. शेवटीसुद्धा नाही. बंदिशीच्या सवयीचा कान मुखड्याची वाट बघत बसतो आणि मुखडा येतच नाही. ‘मूळ गाणं कुठंय मग?’ हा पुढचा ठरलेला प्रश्न. मूळ गाणं खाली चाललेलं आहे, पियानो आणि बासमध्ये. हॉकिन्स त्या कॉर्डच्या स्वरांच्या पायऱ्या करून वरखाली जातो. दुसऱ्या कोरसात मागचे हॉर्न लांब स्वर धरतात आणि तो चढत चढत जातो. चाल टाकून दिलेली ही तबकडी १९४० साली लोकांनी धडाधड विकत घेतली. पुढे एडी जेफरसन या गायकाने हॉकिन्सच्या त्या सोलोवरच शब्द बसवले, म्हणजे विस्ताराचीच चीज झाली.

चाल जाऊन चेंजेस उरतात याचा आणखी पक्का पुरावा बीबॉपवाल्यांनी, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या नव्या जॅझवाल्यांनी, दिला. ‘हाउ हाय द मून’ या स्टँडर्डचे चेंजेस तसेच ठेवून त्यावर नवी चाल टाकली, नाव ‘ऑर्निथॉलॉजी’. कॉपीराइट चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नाही, त्यामुळे मानधनाचाही हिशेब सुटला. इथे रागवाला पुन्हा डोकं वर काढतो: ‘एका रागात शंभर बंदिशी, तसंच ना?’ नाही हो. एका ठेक्यात शंभर बंदिशी, तसं.

या भ्रमाला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने नकळत खतपाणी घातलंय, हे कबूल करायला हवं. रविशंकरांवर त्याचा जीव; १९६५ साली झालेल्या मुलाचं नावच रवी. ‘इंडिया’ नावाची त्याची रचनाही आहे. त्याने ऑक्टोबर १९६० मध्ये वाजवलेलं ‘बॉडी अँड सोल’ ‘कोल्ट्रेन्स साउंड’ या तबकडीवर आहे. पियानोवर मकॉय टायनर, बासवर स्टीव्ह डेव्हिस, ड्रमवर एल्विन जोन्स. लय हॉकिन्सपेक्षा चढी. ए भागात खाली पंचम धरून ठेवलेला, म्हणजे काळी एकच्या हिशेबाने काळी चार, आणि टायनरच्या कॉर्ड त्यावर झुलतात. इथे माझा फोनवाला तानपुराही बऱ्यापैकी खपतो. रागवाले खूश. पण ब्रिज येऊ द्या. ग्रीनने तिथे घर दोनदा बदललं होतं. कोल्ट्रेन सा ते शुद्ध गंधार एवढ्या लांबीच्या उड्या मारत आणखी घरं घुसवतो. त्याच साली बाहेर आलेल्या ‘जायंट स्टेप्स’मधली ही त्याची युक्ती. ए भागात जमीन जवळजवळ गोठवायची आणि ब्रिजमध्ये नेहमीपेक्षा जास्त हलवायची, यात त्या वाजवण्याची सगळी गंमत आहे. राग समजून ऐकणाऱ्याला पहिला अर्धा भाग भिडतो आणि दुसरा ‘जरा गोंधळ’ वाटतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ते कागद बघून वाजवतात आणि आपण नाही, हे तर अर्धसत्यच. त्यांचं तीन मिनिटांत आटपतं, आपलं तासभर चालतं, हेही तसंच. त्या तीन मिनिटांचं कारण ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीत आहे, तिच्या एका बाजूला जेमतेम तेवढंच मावायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांनाही त्याच मापात गावं लागलं.

राग आणि कॉर्ड यांचं हे कोडं मुंबईला नवं असायचं कारण नव्हतं. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेले वादक रात्री हॉटेलात स्टँडर्ड वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रागातल्या चालींखाली कॉर्ड बसवत. कुठली कॉर्ड चालीला पोसते आणि कुठली रागाचा गळा दाबते, हे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांना रोजच्या कामात सोडवावं लागलं.

आणि कृपा करून हॉकिन्सच्या किंवा गायिका बिली हॉलिडेच्या ‘बॉडी अँड सोल’ला ‘कव्हर’ म्हणू नका. ‘ओरिजिनल कुणाचं?’ हा प्रश्न सिनेमाच्या गाण्याला शोभतो. २०११ साली टोनी बेनेटबरोबर एमी वाइनहाउसने गायलेलं अनेकांना आवडतं, मलाही आवडतं, पण सुरुवात तिथून करू नका. शब्द आणि आवाज यांत कान गुंततो आणि खालची जमीन ऐकायची राहते. आधी हॉकिन्स, मग कोल्ट्रेन. दोन्हीकडे पहिल्या सोळा बारांच्या चौसष्ट मात्रा बोटांवर मोजायच्या. पासष्टावीला काय होतं ते ऐका. तेवढं जमलं की एस्पेरान्झा स्पाल्डिंगचं २००८चं लावा. ती स्पॅनिशमध्ये गाते, आणि तिथे बार पाच मात्रांचा आहे. ब्रिज तरीही सापडतो का बघा. मला पहिल्या खेपेला सापडला नव्हता.