जिन्यातला दिवा आणि संगणक

जिन्यात एक बटण खाली असतं, एक वर. खालचं दाबून दिवा लावायचा, वर पोचलं की वरचं दाबून घालवायचा. दोन्हींपैकी कोणतंही, कधीही दाबा, दिवा लागलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर लागतो. घरातली बटणं संगणकाला जोडायची कशी, या प्रश्नाचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर या जुन्या जिन्यातच आहे. पण तिथवर जायचं तर आधी मधली एक मोठी दरी ओलांडावी लागते.

दरी अशी. संगणकाच्या किंवा मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपमधल्या छोट्या संगणकाच्या) पिनेवर, म्हणजे बाहेर तार जोडायच्या टोकावर, ३.३ किंवा ५ व्होल्ट असतात आणि तिच्यातून निघणारा प्रवाह अगदी नाजूक. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एका पिनेतून १६ मिलिअँपिअरच्या वर प्रवाह घेऊ नये. भिंतीतल्या तारांमध्ये मात्र २३० व्होल्ट (काही देशांत १२०), आणि तेही सेकंदाला ५० किंवा ६० वेळा पुढे-मागे हेलकावणारे. २ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणजे त्या पिनेच्या साडेपाचशे पट. या दोघांची गाठ सरळ घालून दिली तर संगणक जळेल, आणि त्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

म्हणून मध्ये रिले येतो, म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणारं, मोठा प्रवाह जोडणारं-तोडणारं बटण. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही कल्पना वापरली, आणि पुढे तारायंत्राने ती सगळीकडे नेली. लांबून आलेला प्रवाह क्षीण झालेला असायचा, पण एका छोट्या विद्युतचुंबकाला जागं करण्याइतका जीव त्यात उरलेला असायचा. तो चुंबक लोखंडाची पट्टी ओढायचा, पट्टी दुसरा संपर्क जुळवायची, आणि नव्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढे निघायचा. दमलेला घोडा सोडून ताजा घोडा घ्यायच्या टप्प्याला इंग्रजीत रिले म्हणत, तेच नाव याला मिळालं. आजच्या पाच व्होल्टच्या रिलेतही हीच पट्टी आहे. ‘टक्’ असा आवाज येतो तो तिचाच.

रिलेच्या कॉइलला, म्हणजे त्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याला, साधारण ७० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे पिनेच्या कुवतीबाहेर. त्यामुळे पीन एका ट्रान्झिस्टरला (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणाऱ्या भागाला) इशारा देते आणि ट्रान्झिस्टर कॉइलला प्रवाह देतो. कॉइलला समांतर, उलट्या दिशेने एक डायोडही (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा लागतो. तो काय करतो? प्रवाह तोडला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि कोसळताना उलट्या दिशेचा विद्युतदाब उसळवतं. तो क्षणभरासाठी शेकडो व्होल्टपर्यंतही जाऊ शकतो. डायोड त्या उसळीला कॉइलमध्येच फिरायला वाट करून देतो. तो विसरला तर ट्रान्झिस्टर आज ना उद्या जातोच.

इथवर संगणकाला दिवा लावता आला. खरा प्रश्न आता सुरू होतो: भिंतीवरच्या बटणाचं काय करायचं?

१९३७ साली एमआयटीमध्ये शिकणाऱ्या २१ वर्षांच्या क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं, की रिलेंची जोडणी आणि जॉर्ज बूल यांचं तर्कशास्त्राचं बीजगणित एकाच भाषेत मांडता येतं. दोन संपर्क एकामागे एक जोडले की ‘आणि’, शेजारी शेजारी जोडले की ‘किंवा’. चारच वर्षांनी, १९४१ मध्ये, कॉनराड त्सूझे यांनी बर्लिनमध्ये दोन हजारांहून अधिक रिलेंचा झेड-३ हा संगणक चालवून दाखवला. संगणकाचं तर्कशास्त्र आपण घरातल्या वायरिंगमध्ये नव्याने आणत नाही, ते तिथे आधीपासून आहे.

शॅनन यांच्या नजरेने आपल्या दिव्याकडे पाहू. रिले आणि बटण एकामागे एक जोडले तर दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय दिवा लागत नाही. कुणी बटण बंद करून गेलं तर संगणकाचे हात बांधलेले. शेजारी शेजारी जोडले तर एकाने ‘हो’ म्हटलं तरी पुरतं. मग संगणकाने लावलेला दिवा माणसाला घालवता येत नाही, आणि अंधारात झोपू पाहणाऱ्याला ते फार जाचतं. तिसरी जोडणी जिन्याची. तिथे दोघांचं मत वेगळं असेल तर दिवा लागतो, सारखं असेल तर विझतो. तर्कशास्त्रात याला ‘एक्सॉर’ म्हणतात. कोणीही आपलं मत बदललं की दिवा बदलतो, कोणाचंही कोणावर वर्चस्व नाही.

आणि कॉइलची टोकं सोडली तर अशा रिलेला नेमकी तीनच टोकं असतात: एक कॉमन, एक एरवी जुळलेलं, एक एरवी सुटलेलं. जिन्यात वापरतात त्या टू-वे स्विचलाही तीनच. भिंतीवरचं साधं बटण काढून टू-वे बसवायचं, आणि जिन्यातल्या दुसऱ्या बटणाच्या जागी रिले. संगणक बंद पडला तर पट्टी आपल्या मूळ जागी पडते, आणि भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच दिवा लावत-विझवत राहतं. मला ही जोडणी एवढी आवडते ती यासाठी. घरात आलेल्या पाहुण्याला, आजीला, लहान मुलाला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

काही जण भिंतीवरच्या बटणाचा दिव्याशी थेट संबंधच तोडतात. बटण फक्त संगणकाला सांगतं, संगणक दिवा लावतो. वायरिंग सोपं होतं हे खरं. पण संगणक अडकला की सगळं घर अंधारात बसतं, म्हणून माझं मन तिकडे जात नाही.

जिन्याच्या जोडणीत एक अडचण मात्र आहे, आणि ती मोठी आहे. आपली पट्टी कुठे आहे हे संगणकाला ठाऊक असतं, दिवा लागलाय की नाही हे ठाऊक नसतं. रात्री ११ ला दिवा घालवायला सांगितलं, आणि कुणी तो १० वाजताच हाताने घालवलेला असेल, तर संगणक पट्टी हलवून तो लावून ठेवेल. म्हणजे आज्ञा देणारे हात पुरत नाहीत, बघणारे डोळेही हवेत.

हे डोळे म्हणजे ऑप्टोकपलर. तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या काळ्या डबीत एका बाजूला एक एलईडी, समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, आणि मधून तार नाही. दिव्याला मिळणारी वीज योग्य क्षमतेच्या रोधकांमधून त्या एलईडीला द्यायची. दिवा सुरू असेल तर एलईडी चमकते, समोरचा ट्रान्झिस्टर ते पाहतो, आणि संगणकाला बातमी कळते. दरी ओलांडतो तो फक्त प्रकाश. हजारो व्होल्टचा फरक सोसणारी ही भिंत इतक्या छोट्या वस्तूत आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. हेलकावणाऱ्या विजेमुळे एलईडी सतत पेटलेली नसते, ५० आवर्तनांच्या विजेवर ती सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकते. म्हणून एकाच क्षणी पाहून निकाल द्यायचा नाही. दोन-तीन आवर्तनं वाट पाहायची, एकदाही चमक दिसली तर दिव्याला वीज आहे.

या डोळ्यांचं महत्त्व घरातली उपकरणं दुरून चालवायच्या इतिहासातही दिसतं. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धत आणली. घरातल्याच विजेच्या तारांमधून, वीज शून्यावरून जात असताना, १२० किलोहर्ट्झचे छोटे संकेत सोडायचे. युक्ती सुंदर होती, पण मूळ पद्धतीत बोलणं एकतर्फी होतं. ‘दिवा लाव’ म्हणून सांगितलं, पुढे लागला की नाही याची पोच नाही. आज अनेक घरांतल्या यंत्रणा एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या पद्धतीने बोलतात. ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. तिच्यावर चालणाऱ्या घरगुती यंत्रणांमध्ये आज्ञेचा संदेश वेगळा आणि स्थितीचा संदेश वेगळा ठेवायची रीत आहे. स्थितीचा संदेश ऑप्टोकपलरने पाहिलेला असला तरच त्या रीतीला अर्थ आहे. आज्ञाच स्थिती म्हणून परत पाठवली तर आपण पुन्हा १९७५ मध्ये.

डोळ्यांची गरज आणखी एका ठिकाणी लागते. संपर्क सुटताना त्यांच्यामध्ये ठिणगी उडते. एसी, म्हणजे हेलकावणारी वीज दर आवर्तनात दोनदा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी विझते. डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, तशी उसंत नसते, म्हणूनच एकाच रिलेवर १० अँपिअरपुढे २५० व्होल्ट एसी आणि फक्त ३० व्होल्ट डीसी असं छापलेलं दिसतं. मोटर बंद करताना ठिणगी मोठी असते. एलईडी दिव्यांच्या आतले कपॅसिटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात. अशा माऱ्याने कधी संपर्क चक्क वितळून चिकटतात. जिथे दिवा फक्त रिलेवर चालतो अशा साध्या जोडणीत संगणकाने रिले बंद केला आणि तरी वीज दिसतेच आहे, असं झालं की रिले बदलायची वेळ आली.

बोर्ड उघडण्याआधी मुख्य एमसीबी बंद करायचा आणि टेस्टरने खात्री करायची. रिलेने तोडायची ती फेज, न्यूट्रल नव्हे. कमी व्होल्टच्या तारा विजेच्या तारांबरोबर एकाच पाइपातून न्यायच्या नाहीत. अनेक स्विचबोर्डांत न्यूट्रल आलेलीच नसते, तर आधी ते बघून घ्यावं. ऑप्टोकपलरलाही ती लागते. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

हीटरला मात्र जिन्याची जोडणी लावू नये. संगणक सुरू होतानाचे काही क्षण पिना अधांतरी असतात, रिले उगाच टकटकू शकतो. दिव्याच्या बाबतीत ते खपतं, पाणी तापवणाऱ्या हीटरच्या बाबतीत नाही. तिथे ‘आणि’च हवं: बटण आणि रिले एकामागे एक, दोघांनी होकार दिला तरच वीज, आणि पिनेला शून्य व्होल्टवर धरून ठेवणारा एक रोधक, म्हणजे संगणक गोंधळलेला असताना उत्तर ‘नाही’ असेल. हीटरच्या आतला थर्मोस्टॅट आणि कट-आउट आपापल्या जागी, संगणकाला न विचारता काम करत राहू द्यावेत.