मूळ रिमसाठी टायरची रुंदी

कारसोबत कारखान्यातून आलेली रिम न बदलता तिच्यावर किती रुंद टायर बसवता येईल, हे ठरवण्याची रीत. गॅरेजच्या बोलीत रिमला ‘डिस्क’ म्हणतात आणि मूळ मापापेक्षा मोठा टायर घालण्याला ‘अपसाइझ करणे’. गाडीचा पहिला टायरसंच झिजला की हा प्रश्न हमखास पुढे येतो. मूळ टायर बारीक वाटतात, शेजारच्या गाडीचे भरदार दिसतात आणि दुकानात ‘एक नंबर वर’ घेण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला पुष्कळदा चालूनही जातो. तो कुठवर चालेल हे रिमच्या रुंदीवर ठरते, आणि खरेदीच्या वेळी नेमके तेच माप बघायचे राहून जाते.

टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे छापलेले असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ हे रेडियलचे अक्षर आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भारांक एका टायरला पेलवणारे कमाल ५६० किलो वजन सांगतो, तर ‘एच’ ताशी २१० किमी वेगमर्यादा. पूर्वी रुंदीही इंचांतच असे: अँबेसिडरचा टायर ५.९०-१५, तर पद्मिनीचा ५.२०-१४. रिमचे माप अजून इंचांतच चालते. ५जे × १४ लिहिलेले असेल तर ५ ही रिमच्या दोन काठांमधली आतली रुंदी, ‘जे’ हा काठाचा आकार आणि १४ हा व्यास. पोलादी रिमवर हे माप चकतीवर ठोकलेले असते, अलॉयवर बहुधा दांड्यांच्या मागच्या बाजूला. त्यामुळे ते पाहायला चाक उतरवावे लागू शकते, पण तेवढा त्रास जरूर घ्यावा.

प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालते याची कक्षा युरोपीय टायर व रिम तांत्रिक संघटना आणि भारतीय टायर तांत्रिक सल्लागार समिती यांच्या मानकांमध्ये दिलेली असते. ८० मालिकेच्या (म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के असलेल्या) १६५ टायरला ४ ते ५.५ इंच रिम चालते, ६५ मालिकेच्या १८५ ला ५ ते ६.५ आणि ६० मालिकेच्या १९५ ला ५.५ ते ७. रिम ५ इंची असेल तर १६५ निवांत बसतो, १८५ अगदी कडेवर बसतो आणि १९५ कक्षेबाहेर जातो. लहान हॅचबॅकला ‘१९५ टाका’ म्हणणाऱ्याने आधी हे कोष्टक उघडावे.

शिवाय टायरची रुंदी मानकात ठरवून दिलेल्या एका रिमवर, म्हणजे मोजणी-रिमवर, मोजलेली असते. ६५ मालिकेच्या १८५ टायरसाठी ही रिम ५.५ इंची आहे. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची खरी रुंदी सुमारे ५ मिमीने घटते, म्हणजे ५ इंची रिमवर तोच टायर तेवढा अरुंद भरतो. रुंदीसाठी मोजलेल्या पैशांतला काही भाग असा अरुंद रिमवरच जिरतो.

तोटा एवढ्यावर थांबत नाही. अरुंद रिम टायरच्या दोन्ही काठांना आत ओढते, भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात आणि रस्त्याला टेकणारा पट्टा मधे उंचावतो. मग नक्षी मधोमध आधी झिजते आणि वळणावर भिंत जास्त लवचते. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी किंचित उशिरा वळते, म्हणजे ज्या पकडीसाठी टायर रुंद घेतला तिचाच भरवसा कमी होतो. उलट रिम फार रुंद असली तर भिंती ताणल्या जातात आणि खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला रिमच आधी आपटते.

रुंदी वाढवली की जमिनीवरची पकड त्याच प्रमाणात वाढते, हा समज चुकीचा आहे. टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचे वजन आणि हवेचा दाब यांवर अवलंबून असते. ३२ पीएसआय हवेवर ३०० किलो पेलणारे चाक सुमारे १३० चौ. सेंमी. जागेवर उभे असते. रुंद टायरमध्ये हा तुकडा आडवा आणि आखूड होतो. कोरड्या वळणावर त्याचा उपयोग होतो, साचलेल्या पाण्यात मात्र समोरून जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि टायर तुलनेने कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. कोकणात किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला १० मिमी जादा रुंदीपेक्षा चांगल्या रबराचा, खोल खाचांचा टायर जास्त उपयोगी पडतो, असे ठामपणे म्हणता येते. रुंद टायर जडही असतो, त्यामुळे सहसा मायलेज थोडे उतरते.

रुंदी बदलताना बाहेरचा व्यास मूळच्या जवळपास ठेवावा लागतो. मारुती स्विफ्ट भारतात अनेक वर्षे खालच्या प्रकारात १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारात १८५/६५ आर १५ टायरवर विकली गेली. या दोन टायरांचे व्यास सुमारे ६२० आणि ६२२ मिमी भरतात. पण १४ इंची रिमवर १८५/६५ चढवला तर व्यास ५९६ मिमीवर येतो, जवळपास ४ टक्के कमी. मग स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ९६ च्या आसपास असते आणि पोट जमिनीच्या १२ मिमी जवळ येते. त्याच रिमवर १८५/७० घेतला तर फरक एका टक्क्याच्या आत राहतो. फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा व्यवहारी नियम आहे. भारांक आणि वेगाचे अक्षर मात्र मूळच्या खाली कधीच जाऊ देऊ नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी किंवा गाडीसोबतची पुस्तिका आधी वाचावी. वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप हा सर्वांत सुरक्षित पर्याय, पण अनेकदा त्या प्रकाराची रिमही वेगळी असते, हे विसरू नये.

टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर शॉकअॅब्सॉर्बरला किंवा मडगार्डच्या अस्तराला घासत नाही ना, ते पाहावे. रुंदी २० मिमीने वाढली की आतल्या बाजूची जागा सुमारे १० मिमीने कमी होते. हीच तपासणी मागच्या सीटवर तिघांना बसवून गतिरोधकावरून पुन्हा करावी. एका अॅक्सलवर दोन मापे ठेवू नयेत. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली असेल, तर तिच्यावर फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे.