रिसेलवाला आणि बिल्डर, दोघांची जबाबदारी एकच नसते

माझ्या मावसभावाने एप्रिलमध्ये कोपरखैरण्यात रिसेलचा फ्लॅट घेतला. बेडरूमची एकच भिंत नव्याने रंगवलेली, पुट्टीचा वास पण गेला नव्हता, तेव्हा कोणालाच खटकलं नाही, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीच भिंत फुगली, बोट लावलं की पोपडे हातात. घरात लगेच सुरू, रेरा आहे ना, पाच वर्षं गॅरंटी असते, टाक कंप्लेंट. अरे पण बिल्डिंग १८ वर्षं जुनी!

ती पाच वर्षं बिल्डरसाठी आहेत. रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा, त्याचं कलम १४(३). पझेशन म्हणजे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये किंवा कामाच्या क्वालिटीत काही दोष निघाला आणि तुम्ही कळवलं, की बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं, नाहीतर भरपाई. त्याला आधी माहीत होतं का नव्हतं, हा प्रश्नच येत नाही.

घरमालक स्वतःचं घर विकतो तेव्हा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ सालचा, त्याचं कलम ५५. इथे जबाबदारी दुरुस्त करायची नाही, सांगायची आहे. म्हणजे जो मोठा दोष त्याला माहीत आहे पण तुम्ही नीट बघूनही तुम्हाला कळला नसता, तो त्याने सांगायलाच पाहिजे, लपवला तर कायदा त्याला फसवणूक धरतो. फुटलेली टाइल तुम्हाला दिसत होती, त्याबद्दल नंतर भांडता येत नाही. टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, काही भानगड असेल तर तेही सांगायचं, मूळ कागद बघायला द्यायचे, आणि विक्रीच्या तारखेपर्यंतचा प्रॉपर्टी टॅक्स त्याचा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'आहे त्या स्थितीत पसंत केलं' अशी ओळ घुसवतात ती मात्र वाचा, कारण कलम ५५ मधलं बरंचसं करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच लागू होतं.

खरा गोंधळ मधल्या केसमध्ये होतो. समजा घोडबंदर रोडला ३ वर्षांपूर्वी पझेशन दिलेला फ्लॅट तुम्ही रिसेलमध्ये घेतला. रेरात अलॉटी म्हणजे ज्याला बिल्डरने फ्लॅट दिला तो, आणि त्यात नंतर विकत घेणारा पण येतो, त्यामुळे उरलेली २ वर्षं बिल्डरला तुम्ही धरू शकता, आणि विकणाऱ्या मालकाला वेगळं, कलम ५५ खाली. म्हणून पझेशनच्या तारखेसाठी त्याच्याकडून पझेशन लेटर मागून घ्या, लोक नेमकं तेच विसरतात.

मालकाला माहीत होतं हे सिद्ध करणं हीच खरी डोकेदुखी. मावसभाऊ सोसायटीच्या ऑफिसात शेअर सर्टिफिकेटच्या कामाला गेला होता, तिथे सेक्रेटरींनी सहज फाइल उघडली तर मागच्या ऑगस्टमधलं जुन्या मालकाच्याच सहीचं पत्र, 'बेडरूमच्या भिंतीतून पाणी येत आहे, कृपया लक्ष द्यावे.' त्याची कॉपी आता वकिलाकडे आहे.