विषाणू अळीला लगेच का मारत नाही?

हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक फवारले, की पुढची तक्रार ठरलेली असते : दोन दिवस उलटले तरी अळी घाटे पोखरतेच आहे. तक्रार रास्त आहे. पण हा उशीर विषाणूच्या सोयीचा असून तो घडवून आणण्यात त्याच्या प्रथिनांचा मोठा वाटा आहे.

हा विषाणू पानावर एकटा नसतो. पॉलिहेड्रिन या प्रथिनाच्या, जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरच्या स्फटिकात असंख्य विषाणूकण बंदिस्त असतात. अतिनील किरणांपुढे मात्र हे कवचही फार काळ टिकत नाही, म्हणून फवारणी सायंकाळी करायची. अळीच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी, म्हणजे सामू १० च्या आसपास असतो. त्यात स्फटिक विरघळून कण मोकळे होतात आणि त्यांच्या आवरणावरील पी७४ व त्याच्या जोडीची प्रथिने त्यांना आतड्याच्या पेशींत प्रवेश मिळवून देतात. पी७४ नसलेला विषाणू खाण्यातून गेल्यास निष्प्रभ ठरतो, पण शरीरपोकळीत टोचल्यास तोच अळीला मारतो.

बाधित पेशी स्वतःचा नाश करून विषाणूची वाढ रोखू पाहते. एसीएमएनपीव्ही या त्याच कुळातील बहुचर्चित विषाणूतील पी३५ हे प्रथिन त्या आत्मनाशाची कॅस्पेझ विकरे निकामी करते.

सर्वांत धूर्त प्रथिन मला ईजीटी वाटते. डेव्हिड ओ'रायली आणि लोइस मिलर यांनी १९८९ मध्ये दाखवल्याप्रमाणे, कात टाकायला लावणाऱ्या एकडायसोन या संप्रेरकाला ते साखरेचा रेणू जोडून निष्क्रिय करते. कात टाकण्याआधी अळी एरवी खाणे थांबवते. ईजीटीमुळे ती वेळच येत नाही, अळी खात राहते आणि तिच्या वाढत्या शरीरात विषाणूची संख्याही वाढते. स्पाँजी पतंगाच्या बाधित अळ्या मरण्यापूर्वी झाडाच्या शेंड्याकडे चढतात, त्यामागेही ईजीटीचेच जनुक असल्याचे २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. शेवटी कायटिनेझ आणि कॅथेप्सिन ही विकरे अळीची ऊती व कातडी विरघळवतात आणि उलट्या लटकलेल्या अळीतून पाझरणारा द्रव खालच्या पानांवर नवे स्फटिक पसरवतो.

ईजीटीचे जनुक काढून टाकलेला एसीएमएनपीव्ही प्रयोगशाळेत तयार केला गेला आहे. त्याने बाधित झालेल्या अळ्या कमी खातात आणि लवकर मरतात, मात्र प्रत्येक मृत अळीमागे मिळणारे स्फटिकही कमी भरतात.